पाडलेल्या रांगेची पानं

फळबाग केंद्रात तिला सगळे पट्टीताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर तिनेच मागे वळून पाहिलं नसतं. निळ्या कोटाच्या खिशातून सदानकदा स्टीलची पट्टी डोकावायची आणि गळ्यात शिंप्याचा टेप लोंबायचा. चालताना टेपचं पत्र्याचं टोक पट्टीवर आपटून टिकटिक व्हायची. ती ऐकू आली की चहा पीत बसलेले माळी म्हणायचे, "उठा रे, पट्टी आली. नाहीतर आपलंही माप घेईल."

तिचं काम सांगायला सोपं आणि ऐकणाऱ्याला पटायला महाकठीण. मोसंबीच्या झाडावर एकूण पान किती आहे, ते तिला काढायचं असायचं. पानांची नुसती संख्या नव्हे. झाडावरची सगळी पानं जमिनीवर शेजारी शेजारी अंथरली तर किती जागा झाकतील, ते. आणि तेही झाड न ओरबाडता. झाडाचा सगळा स्वयंपाक पानातच होतो. पान किती आहे, यावरून झाड फळं किती पोसेल, पाणी किती पिईल, फवारणीला औषध किती लागेल, हे ठरवायचं.

त्यासाठी तिच्याकडे होती पट्टी, टेप आणि चिकाटी. पानाची लांबी घ्यायची, सगळ्यात फुगीर जागी रुंदी घ्यायची, दोन्हींचा गुणाकार करायचा. त्यातून येतो चौकोन, आणि पान काही चौकोनी नसतं. म्हणून कोपऱ्यांचा भाग वजा करायला त्या गुणाकारातले शंभराला सत्तर धरायचे. तिच्या केंद्रात मोसंबीला तरी तेच धरत. मग खुणेच्या फांदीवरची पानं मोजायची, फांदीची जाडी घ्यायची, खोडाचा घेर घ्यायचा आणि त्यावरून अख्ख्या झाडाचा अंदाज बांधायचा.

हे कोपरे कापायचं गणित तिला लहानपणापासूनच येत होतं. तिचे वडील शिंपी. चौकोनी कापडातून बाहीचा आकार काढला की किती कापड वाया जातं, हे तिने त्यांच्या मशीनशेजारी बसून, चिंध्या गोळा करता करता पाहिलेलं. केंद्रात कामाला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या मोठ्या मॅडमनी तिला विचारलं होतं, "तुम्हाला हे इतक्या लवकर कसं समजलं?" ती म्हणाली होती, "मॅडम, पान म्हणजे बाहीच की. फक्त शिलाई नाही."

नवऱ्याचा धंदा मात्र उलटा. तो झाडं कापायचा. रस्त्यावर वाकलेलं झाड असो, तारांत गेलेली फांदी असो, वठलेली बाग असो, कंत्राटदाराचा फोन आला की मशीनची करवत खांद्यावर टाकून निघायचा. शेजारीपाजारी चेष्टा करायचे, "या घरात झाडांची काही धडगत नाही. एक माप घेते, दुसरा कापतो." तोही हसायचा. संध्याकाळी ती हिशेब करत बसली की तिच्या खांद्यावरून वाकून विचारायचा, "काय गं, झालं का माप? शर्ट कधी शिवून देणार झाडाला?"

एकदा तिने त्याला खरंच शर्टाचं उत्तर दिलं होतं. खुणेच्या फांद्यांना बांधायला तिला मऊ कापड हवं होतं. सुतळीने साल कापते. कपाटात त्याचा जुना हिरव्या चौकड्यांचा शर्ट होता, लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी हाताने काज करून शिवलेला. कॉलर विरली होती, पाठ फाटली होती. तिने त्याच्या लांब पट्ट्या केल्या. काही दिवसांनी तो कपाट उचकत म्हणाला, "माझा चौकडीचा शर्ट दिसत नाही."

"झाडांना दिला," ती म्हणाली.

"मापात बसला का?"

"पोटावर जरा सैल होतो म्हणाली."

लेक आतल्या खोलीत अभ्यास करता करता खो खो हसली होती.

ती झाडं म्हणजे मॅडमच्या प्रयोगाची मोसंबी. जुन्या मॅडम निवृत्त झाल्यावर आलेल्या या नव्या मॅडम पट्टीताईपेक्षा बऱ्याच लहान, बोलायला घाईच्या आणि कामाला वाघ. दोन रांगा, एका रांगेत बारा झाडं. कलमं लावली तेव्हा पट्टीताईच्या गुडघ्याएवढी होती. आता ती फांद्यांखालून वाकून जायची. घरी ती "माझी झाडं" असंच म्हणायची. नवऱ्याने ती कधी पाहिली नव्हती. केंद्राच्या फाटकातून आत यायला परवानगी लागायची, आणि तसं कुणी बायकोची कचेरी बघायला जातं थोडंच?

त्या सकाळी तो तिच्या आधी, उजाडायच्या बेताला घरातून निघाला. कंत्राटदाराने काम दिलं होतं एवढंच त्याने सांगितलं. कुठे, ते तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. घाईत दोघांपैकी कुणालाच ते महत्त्वाचं वाटलं नाही.

ती नेहमीच्या वेळेला केंद्रात पोचली. फाटकावरच तिला करवतीचा आवाज ऐकू आला. पंपघराच्या पलीकडची वठलेली बाग काढायची आहे, हे तिला माहीत होतं; महिनाभर त्याचीच चर्चा होती. ती मनाशी म्हणाली, चला, लागलं एकदाचं काम. सही केली, कोट चढवला, पट्टी खिशात टाकली. तेवढ्यात आवाज एकदम बंद पडला.

शेडला वळसा घालून ती प्लॉटकडे आली आणि जागच्या जागी थिजली.

पहिली रांग नव्हती.

म्हणजे होती, पण आडवी होती. जिथे रोज हिरवी भिंत असायची तिथून तिला थेट पलीकडचं कुंपण दिसत होतं, कुंपणामागचा रस्ता दिसत होता, रस्त्यावरून सायकलवर जाणारा माणूस दिसत होता. तिला वाटलं आपण चुकून भलत्याच बाजूला आलो. ती खरोखरच वळली आणि मागे शेडकडे बघून आली. शेड तीच होती. परत वळली. झाडं तशीच पडलेली. बुंध्यांचे ताजे गोल पांढुरके डोळे आभाळाकडे लागलेले. हिरवी फळं चिखलात घरंगळलेली. मोसंबीच्या चिरडलेल्या पानांचा वास इतका दाट होता की घशाशी आला.

तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. टेप गळ्यातून सुटून कधी खाली पडला ते तिला कळलंसुद्धा नाही.

आणि मग तिला शेवटच्या पडलेल्या खोडावर बसलेला माणूस दिसला. चेहऱ्यावरची भुशाची जाळी डोक्यावर सारलेली, करवत पायाशी, आणि हातात कापडाची एक पट्टी. हिरव्या चौकड्यांची.

तो तिचा नवरा होता.

तोच आधी बोलला, आणि तेही धड नाही. "अगं... हा काज... मी म्हटलं, हा काज तुझ्या बाबांच्या हातचा आहे."

ती त्याच्या हातातल्या कापडाकडे बघत होती.

"फांदी पायाजवळ पडली. पट्टी दिसली. बाकीच्याही दिसल्या होत्या गं, पण मातीने मळलेल्या, मला वाटलं माळ्यांच्या खुणा असतील. या पट्टीला काज होता. मी मशीन बंद केली." त्याने हातातली पट्टी पुढे केली, जणू ती परत घेतली तर सगळं सावरणार होतं. "ही तुझी झाडं आहेत का?"

तिने मान हलवली. होकाराची की नकाराची, तिलाच कळलं नाही.

"मला चार नंबरचा बोर्ड सांगितला. बोर्ड बघ, चारच आहे. मी पहारेकऱ्याला विचारलंसुद्धा, झाडं तर हिरवीगार दिसतात. तो म्हणाला, बोर्ड आहे ना, मग कापा."

तिने बोर्डाकडे पाहिलं. खरंच, नव्या करकरीत रंगातला चार. तिच्या प्लॉटचा नंबर सात. बोर्ड रंगवायला काढले होते आणि आदल्या दिवशीच परत लावले होते. लावणाऱ्याने हाताला येईल तो खांबाला ठोकला होता. सात नंबरचा बोर्ड पंपघराच्या पलीकडे वठलेल्या बागेत उभा असणार.

मॅडम स्कूटरवरून आल्या त्या गाणं गुणगुणत. प्लॉटपाशी येऊन गाणं तुटलं. हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून त्या रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि मातीत बसकण मारली. रडल्या नाहीत. हेल्मेटची काच खाली ओढून घेतली, एवढंच. काचेमागे काय चाललंय ते कुणाला दिसलं नाही.

पट्टीताई त्यांच्याजवळ गेली आणि तिने एका दमात सांगून टाकलं, कारण थांबली असती तर तिची जीभ पुन्हा टाळूला चिकटली असती. "मॅडम, बोर्ड बदललेत. आणि कापणारा माझा नवरा आहे."

काच वर झाली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, खोडावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "काय?"

"माझा नवरा," ती पुन्हा म्हणाली. तिला स्वतःलाच ते पुन्हा ऐकायची गरज होती.

माळी लांबून बघत होते. जवळ यायची कुणाची छाती होत नव्हती. मग मॅडम उठल्या, कपडे झटकले आणि असं काही बोलल्या की पट्टीताईला सकाळपासूनचा दुसरा धक्का बसला.

"ताई, पानं काढू या."

"काय काढू या?"

"सगळी पानं. एकूण एक. आजच, आत्ता, वाळायच्या आत."

पट्टीताई त्यांच्याकडे बघतच राहिली. बाईचं डोकं फिरलं की काय, असंच तिला वाटलं. बुंध्यांवरचा रस अजून ओला होता. पडलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे उतरवायला सांगावं, तसं ते तिला ऐकू आलं.

"नाही," ती म्हणाली. मॅडमना तिने आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. "मी नाही करणार. मी हात नाही लावणार."

मॅडम तिच्यावर चिडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "ताई, आपण इतकी वर्षं अंदाज करतोय. तो बरोबर आहे की चूक, हे आपल्याला माहीतच नाही. ताडून बघायला एक झाड बोडकं करू द्या म्हणून मी दोनदा केंद्राच्या साहेबांना विचारलं. दोन्ही वेळा नाही म्हणाले. आता बारा पडलीत. उद्या ही पानं सुकून कडकड वाजतील आणि परवा इथून ट्रॉली भरून जाईल. मग ही झाडं नुसतीच मेली, असं होईल."

पट्टीताई उभीच होती. तेवढ्यात मागून सरसर आवाज आला. नवरा खोडावरून उठला होता आणि पहिल्या झाडाशी गुडघे टेकून फांदीवरची पानं काढायला लागला होता. वेडीवाकडी, मूठ मूठ. बोटांवर मोसंबीचे काटे ओरखडत होते, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"तसं नाही," तिच्या तोंडून आपोआप निघालं. "फाटतायत."

मग ती त्याच्याशेजारी बसली.

माळी आले. शेडमधून ताडपत्र्या आल्या, ओली गोणपाटं आली, फळं तोलायचा काटा आला. एकेका झाडाखाली ताडपत्री अंथरून पानं काढायची, ढीग तोलायचा, गोणपाटाखाली झाकायचा. प्रत्येक ढीग खालीवर करून त्यातून ओंजळभर पानं घ्यायची. ती ओंजळ वेगळी तोलायची आणि तिच्यातलं एकेक पान आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ काढायची, चौकटी मोजायच्या. ओंजळीचं वजन कळलं, ओंजळीने किती जागा झाकली ते कळलं, की अख्ख्या ढिगाचं कळतं. यात अंदाज नाही, फांदीची जाडी नाही, खोडाचा घेर नाही. जे आहे ते समोर पडलेलं.

पट्टीताई रेघा काढायला बसली. पहिल्या काही पानांच्या रेघा भलतीकडेच गेल्या. मग हात बसला. दुपारचा डबा कुणी उघडला नाही. नवऱ्याशी ती एक शब्दही बोलत नव्हती. तो पोती उचलत होता, ठेवत होता आणि अधूनमधून तिच्याकडे बघून नजर काढून घेत होता.

रेघा काढता काढता तिच्या बोटांना काहीतरी खटकायला लागलं. कागदावर पान ठेवलं की तिला वाटायचं, हे जरा लहानच आलं. पुढचंही लहान. काही तर नावेसारखी मुडपलेली, जाडसर, चिवट. तिला ओळखीचं पान म्हणजे तळहात झाकणारं, मऊ, गडद. तिने ढिगात हात घातला आणि पुन्हा ओंजळ घेतली. तेच. ती उठून पडलेल्या झाडाच्या शेंड्याकडे गेली. आजवर जो शेंडा तिने फक्त मान वर करून पाहिला होता, तो आता तिच्या घोट्याशी होता. तिथलं पान तिने पट्टीवर धरलं, मग खालच्या फांदीवरचं धरलं.

ती धावतच मॅडमकडे गेली. दोन्ही पानं त्यांच्या तळहातावर ठेवली. मॅडमना काही सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"आपण छातीच्या उंचीवरची पानं घेतो," त्या म्हणाल्या. "कागदावर मीच तसं लिहून दिलंय. छातीच्या उंचीवर, चारी बाजूंनी."

"हो."

"सावलीतली."

"हो मॅडम. मोठी असतात ती. आणि वर, उन्हात बारीक."

हिशेब झाला तेव्हा उन्हं शेडच्या भिंतीवरून सरकत होती. एका झाडाचा झाला, दुसऱ्याचा झाला, तिसऱ्याचा झाला. मॅडमनी कॅल्क्युलेटर तिच्याकडे दिला, "तुम्ही करा, माझं काहीतरी चुकतंय." तिने केलं. चुकत नव्हतं. झाडांवर जेवढं पान आहे असं त्या दोघी सांगत आल्या होत्या, त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश पान खरोखर त्या ताडपत्र्यांवर पडलेलं होतं.

पट्टीताई भिंतीला टेकून खाली बसली. सकाळी झाडं पडलेली बघून काळजात धस्स झालं होतं; हे वेगळंच होतं, सावकाश चढत जाणारं. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट उमटायला लागली. बागायतदार केंद्रात येऊन विचारायचे, आमच्या झाडाला औषध किती मारू, आणि केंद्र याच आकड्यावरून सांगायचं. म्हणजे तिसरा हिस्सा औषध कशावर पडलं? मातीत? पाण्यात? ती ज्या झाडांना पोटच्या पोरांसारखं ओळखते म्हणायची, त्यांना ती ओळखत होती फक्त कमरेपासून डोक्यापर्यंत. त्याच्या वर काय आहे, हे बघायला झाड पडावं लागलं.

मॅडम तिच्याशेजारी येऊन बसल्या. "चूक माझ्या कागदाची आहे, ताई. तुमच्या हाताची नाही."

"हात माझा होता," ती म्हणाली.

आठवड्याने चौकशी बसली. साहेबांच्या खोलीत लांब टेबल, टेबलापलीकडे साहेब आणि वरच्या कचेरीतून आलेले दोन गृहस्थ. अलीकडे मॅडम, पट्टीताई आणि दाराशी उभा नवरा. बोर्डांची गोष्ट झाली. पहारेकऱ्याची झाली. मग साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले,

"मला एक कळत नाही. दोनदा पानं काढायची परवानगी मागितली, मी नाकारली. त्यानंतर झाडं पडली. पाडणारा कोण, तर मोजणाऱ्या बाईंचा नवरा. आणि त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, जे करायचं होतं ते सगळं करून झालं. याला योगायोगच म्हणायचं का?"

पट्टीताईच्या कानशिलात कुणी वाजवावी तसं झालं. सगळी खोली एकदम लांब गेली. मॅडम उठून काहीतरी मोठ्याने बोलत होत्या, तेही तिला नीट ऐकू येईना. दाराशी नवरा पुढे सरकला. "साहेब, कापलं ते मी. हिरवं झाड दिसत होतं तरी कापलं, ती माझी चूक. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते, घरी येऊन बघा."

वरच्या कचेरीतल्या एका गृहस्थाला हसू आलं, त्याने ते खोकल्यात लपवलं. आणि त्या खोकल्याने पट्टीताईला वाचा फुटली.

"साहेब," ती म्हणाली, "पानं मोजायलाच झाडं पाडायची असती, तर मला एक पुरलं असतं. बारा कशाला पाडली असती?"

आपण असा विचार करू शकतो, एक पुरलं असतं म्हणून, हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

शेवटी कागदावर "बोर्डांची अदलाबदल" एवढंच लिहिलं गेलं. कंत्राटदाराला केंद्राच्या कामातून काढलं आणि त्याच्याबरोबर तिच्या नवऱ्यालाही तिथे करवत लावायला बंदी झाली. मॅडमनी बागायतदारांना बोलावून सांगितलं की आमचा आकडा जास्त होता, आजवर सांगितलेलं औषधाचं मापही जास्त होतं. पुढे बसलेला एक बागायतदार उठला. ओरडेल असं वाटलं होतं, पण तो नुसता म्हणाला, "बरं झालं सांगितलंत," आणि निघून गेला. पट्टीताई मागच्या खुर्चीवर बसली होती. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

उरलेल्या रांगेचं माप आता नव्या पद्धतीने सुरू झालं. झाडाचे तीन मजले धरायचे, प्रत्येक मजल्यावरून पानं घ्यायची, आतली वेगळी, उन्हातली वेगळी. त्यासाठी घडीची शिडी आली. पहिल्यांदा शेंड्याशी पोचल्यावर तिने मान वळवली. वरून तिला पलीकडचे बारा बुंधे एकदम दिसले.

घरी मात्र काही धड होईना. भांडण झालं नाही, तेच वाईट. दोघं एकमेकांशी इतकं सांभाळून बोलायला लागले की लेकीला राहवेना. "चहा घेता का?" "हो, चालेल." "साखर पुरेशी आहे ना?" "अगदी." एक दिवस ती ताट सरकवून म्हणाली, "तुम्ही दोघं पाहुण्यांसारखं का बोलताय? मला घरात आल्यासारखं वाटत नाही." दोघांनी तिच्याकडे पाहिलं आणि एकदमच म्हणाले, "जेव आधी."

सकाळी अंगणात करवतीला तेलपाणी करायची त्याची सवय होती. चालू करून बघितली की भर्रर्र आवाज घरभर घुमायचा. त्या दिवसानंतर एकदा त्याने तशी ती चालू केली आणि आत तिच्या हातातून पातेलं सुटलं. दुसऱ्या दिवसापासून करवत घरात दिसली नाही. मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवतो, असं लेकीकडून कळलं. तिने ते ऐकून घेतलं.

फळं उतरायच्या दिवसांत मॅडम सुट्टीवर होत्या आणि शिडी धरायला कुणीच नव्हतं. रविवार होता. तिने नवऱ्याला विचारलं, "येता का? नुसती शिडी धरायचीय."

"मला आत सोडतील?"

"करवत नाही ना आणत. मग सोडतील."

फाटकाशी तो थबकला. पहारेकऱ्याने मान फिरवून त्याला आत जाऊ दिलं. प्लॉटपाशी आल्यावर त्याने शिडी लावली, दोन्ही हातांनी घट्ट धरली. ती वर चढली, मापं घेत गेली, खाली उतरली, पुढच्या झाडाला गेली. तो प्रत्येक वेळी शिडी हलवून बघायचा, मगच तिला चढू द्यायचा. असं बराच वेळ चाललं. मग तोच म्हणाला, "एक मला घेऊ दे."

तिने खाली उतरून पट्टी दिली. त्याने समोरचं एक पान दोन बोटांत धरलं, जणू गरम असावं तसं, आणि पट्टी टेकवली. आकडा सांगितला. तिने ऐकला आणि तिचं कपाळ आक्रसलं.

"एवढं कसं येईल? बघू." तिने वाकून पाहिलं. "अहो, देठ कशाला धरताय त्यात? देठ म्हणजे पान आहे का? इथून, पातं सुरू होतं तिथून धरायचं. इतका मोठा माणूस, इतकं साधं कळत नाही?"

तो ऐकतच राहिला. किती महिन्यांनी ती त्याच्यावर अशी खेकसली होती.

"आता काय बघताय माझ्याकडे? पान धरा."

त्याने पान धरलं. पट्टी बरोबर जागी टेकवली. ती आकडा लिहून घेत होती आणि तो पुढचं पान शोधत होता, शिडीच्या एका पायाला दोघं खेटून उभे. पलीकडच्या रिकाम्या बाजूकडे मात्र दोघांनीही पाठ केली होती.